फ्रिडरिख लोफ्लर : उंदरांच्या पिंजऱ्यातली साथ आणि एका बेटाची गोष्ट



आठवीच्या वर्गात सूक्ष्मजीव आणि रोग हा भाग शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला अडचणीत टाकलं होतं. औषधं आधी उंदरांवर तपासतात, असं मी सांगत होतो. तिने विचारलं, सर, पण ते उंदीरच आजारी पडले तर? मग औषधाचा परिणाम कसा कळणार? मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव फ्रिडरिख लोफ्लर.

घटसर्पाचा जंतू वेगळा करून वाढवणारे शास्त्रज्ञ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. जनावरांच्या लाळ्या खुरकूत रोगाचं कारण जिवाणूपेक्षाही लहान आहे, हे दाखवणारेही तेच. पण त्यांच्या आयुष्यात मध्येच एक प्रसंग आहे, जो क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाही. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतले उंदीर एका साथीने पटापट मेले. त्या साथीचं त्यांनी काय केलं आणि त्यातून काय काय घडलं, ती गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. म्हणून आजचा हा पाठ-निबंध.

बालपण आणि शिक्षण

फ्रिडरिख ऑगस्ट योहानेस लोफ्लर यांचा जन्म २४ जून १८५२ रोजी फ्रांकफुर्ट आन डेर ओडर या गावी झाला. जर्मनीत फ्रांकफुर्ट नावाची दोन गावं आहेत. हे पूर्वेकडचं, ओडर नदीकाठचं लहान गाव. वडील प्रशियाच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावरचे डॉक्टर होते. त्यामुळे घरात दवाखाना, शिस्त आणि बदल्या या तिन्ही गोष्टी होत्या.

मुलानेही वैद्यकाचा रस्ता धरला. आधी व्यूर्त्सबुर्ग आणि मग बर्लिनला सैनिकी डॉक्टर तयार करणाऱ्या संस्थेत त्यांचं शिक्षण झालं. मध्येच १८७०-७१ चं फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध आलं. अठरा वर्षांचे लोफ्लर त्यात रुग्णालयातले मदतनीस म्हणून गेले. त्या काळातल्या युद्धांत गोळीइतकीच माणसं जखमा चिघळून आणि आमांश, विषमज्वर, देवी अशा रोगांनी मरत. रोग कशाने पसरतो हे तेव्हा कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. १८७४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि काही वर्षं सैन्यात नोकरी केली.

कॉख यांच्या खोलीत

१८७९ मध्ये लोफ्लर बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात रुजू झाले. पुढच्याच वर्षी तिथे रॉबर्ट कॉख आले. कॉख त्याआधी एका लहान गावात डॉक्टरकी करत होते आणि घरच्या घरी उंदरांवर अँथ्रॅक्सचे प्रयोग करत होते. कार्यालयाने त्यांना जागा दिली आणि लोफ्लर व गेओर्ग गाफ्की असे दोन मदतनीस दिले. दोघेही सैन्यातून आलेले तरुण डॉक्टर.

इथून पुढची काही वर्षं म्हणजे जंतुशास्त्राचा सुवर्णकाळ. तोपर्यंत जंतू वाढवायचे ते रश्शासारख्या द्रवात. त्यात दहा प्रकारचे जंतू एकत्र वाढायचे, आणि रोग कुणी केला ते कळायचं नाही. कॉख यांनी घट्ट माध्यम वापरायला सुरुवात केली. आधी उकडलेल्या बटाट्याची चकती, मग जिलेटिन, पुढे अगर. घट्ट पृष्ठभागावर एक जंतू जिथे पडेल तिथेच वाढतो आणि त्याचा वेगळा ठिपका तयार होतो. तो ठिपका उचलला की एकाच प्रकारचे जंतू हातात येतात. भाजी निवडण्यासारखंच हे काम, फक्त फार बारीक.

१८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याच वर्षी लोफ्लर यांनी विल्हेल्म श्यूट्झ यांच्याबरोबर घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाचा जंतू शोधला. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही त्याचा मोठा धोका असतो.

या कामात लोफ्लर यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. शेतातल्या उंदरांना ग्लँडर्सचे जंतू टोचले की ते मरत, पण प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना काहीच होत नसे. दोघेही उंदीरच, दिसायलाही जवळजवळ सारखे, तरीही एकाला रोग आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे रोग होण्यासाठी जंतू पुरेसा नाही, तो कुणाच्या शरीरात शिरतो हेही महत्त्वाचं. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

घटसर्प आणि एक निरोगी मूल

आजच्या आई-वडिलांना घटसर्प हे नाव लसीकरणाच्या कार्डावरच भेटतं. पण एकोणिसाव्या शतकात हा रोग घराघरातली मुलं नेत होता. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो आणि कधी कधी घसा बरा होऊनही मूल हृदय बंद पडून जातं.

१८८३ मध्ये एडविन क्लेब्स यांनी घशातल्या पडद्यात सूक्ष्मदर्शकाखाली काही जंतू पाहिले होते. पण घशात कितीतरी जंतू असतात. गुन्हेगार कोणता? लोफ्लर यांनी सत्तावीस रुग्णांचा अभ्यास केला. हे जंतू साध्या माध्यमावर नीट वाढत नव्हते, म्हणून त्यांनी गोठवलेल्या रक्तद्रवाचं नवं माध्यम तयार केलं. त्यावर तो जंतू वाढला. त्याला रंग देण्यासाठी त्यांनी मिथिलीन ब्ल्यूचं खास द्रावण बनवलं. ते माध्यम आणि तो रंग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१८८४ मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. त्याच लेखात त्यांनी तीन अटी स्पष्ट मांडल्या. जंतू रोग्याच्या शरीरात सापडला पाहिजे, तो शुद्ध स्वरूपात वेगळा वाढवता आला पाहिजे आणि तो निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आपण या अटी कॉख यांच्या नावाने शिकवतो, आणि विचार मुळात त्यांचाच होता. पण तो इतका सुटसुटीत लिहून काढण्याचं श्रेय बऱ्याच अंशी लोफ्लर यांचं आहे.

मला या लेखातल्या दोन गोष्टी फार आवडतात.

पहिली अशी. गिनीपिगला जंतू टोचल्यावर तो मरायचा, पण जंतू सापडायचे फक्त टोचलेल्या जागी. आतले अवयव खराब झालेले, पण तिथे जंतू नाहीत! लोफ्लर यांनी तर्क केला की जंतू एका जागी बसून विष सोडत असले पाहिजेत आणि ते विष रक्तातून फिरत असलं पाहिजे. पुढे १८८८ मध्ये पॅरिसला रू आणि येर्सां यांनी ते विष खरोखर वेगळं केलं. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी त्यावरचं प्रतिविष शोधलं. आपल्या मुलांना मिळणारी घटसर्पाची लस याच साखळीतून आली.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. घटसर्पाच्या काही रुग्णांत त्यांना तो जंतू सापडलाच नाही. आणि एका ठणठणीत मुलाच्या घशात मात्र तो सापडला. एखाद्याने ही अडचणीची नोंद गाळली असती. लोफ्लर यांनी ती लिहून ठेवली आणि आपला पुरावा पूर्ण झालेला नाही हे मान्य केलं. त्या एका निरोगी मुलामुळे पुढे रोगवाहक ही कल्पना उभी राहिली. म्हणजे स्वतः आजारी नसलेला, पण रोग पसरवणारा. हे मूल आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे, वेगळ्या रूपात.

ग्राइफ्सवाल्डचे उंदीर

१८८८ मध्ये लोफ्लर ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. बाल्टिक समुद्राजवळचं हे शांत गाव. प्रयोगशाळा आली म्हणजे प्राणी आले. उंदीर स्वस्त, लहान, लवकर वाढणारे. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी अनेक पिल्लं होतात.

पण उंदीर दाटीने ठेवले की दाटीचे त्रासही येतात. तेव्हा पिंजऱ्यात हवा गाळून सोडायची सोय नव्हती. भुसा, धान्य, पाणी सगळं साधंच. एकाची विष्ठा दुसऱ्याच्या खाण्यात जाणार. शिवाय उंदरांची एक सवय अशी की सोबतचा उंदीर मेला तर बाकीचे त्याला कुरतडतात.

१८९० च्या सुमारास ग्राइफ्सवाल्डच्या संस्थेतले उंदीर मरायला लागले. कुणी काही टोचलेलं नव्हतं. एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात मरण सरकत गेलं आणि संस्थेतले बरेचसे उंदीर गेले.

आता विचार करा, प्रयोगशाळेच्या प्रमुखाला हे किती लाजिरवाणं आणि त्रासदायक असेल. चालू प्रयोग फुकट. आधीचे निष्कर्षही संशयास्पद, कारण उंदीर आपण टोचलेल्या जंतूने मेला की पिंजऱ्यातल्या साथीने, हे कसं सांगणार? माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता. बहुतेक ठिकाणी अशा वेळी मेलेले उंदीर जाळतात, पिंजरे धुतात, नवे उंदीर आणतात आणि विषय बंद.

लोफ्लर यांनी मेलेले उंदीर फेकले नाहीत, कापून पाहिले. प्लीहा सुजलेली होती. त्यातून त्यांनी आखूड, काडीसारखे, हालचाल करणारे जंतू वेगळे केले. मग आपल्याच तीन अटी लावल्या. शुद्ध जंतू वाढवले आणि निरोगी उंदरांना खायला घातले. आठवडा-पंधरा दिवसांत तेही मेले. टोचायची गरजच नव्हती, तोंडावाटे गेलेला जंतू पुरेसा होता. मेलेल्या सोबत्याला कुरतडणारे उंदीर का मरत होते, तेही उलगडलं.

या जंतूला त्यांनी उंदरांच्या विषमज्वराचा जंतू अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. आज आपण त्याला साल्मोनेला टायफीम्युरियम म्हणतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये आपोआप पसरलेल्या जिवाणूच्या साथीचा इतका पद्धतशीर तपास करणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत लोफ्लर मोडतात.

थेसालीची शेतं

इथवर सगळं छान. पण गोष्ट इथे वळण घेते.

लोफ्लर यांनी हा जंतू शेतातल्या उंदरांना देऊन पाहिला. तेही मेले. मग मांजर, कुत्रा, कोंबडी अशा इतर प्राण्यांना दिला. त्यांना काही झालं नाही. ग्लँडर्सच्या वेळची नोंद आठवते ना? जंतू प्राण्याची निवड करतो. मग त्यांच्या मनात आलं, की हा जंतू फक्त उंदरांनाच मारत असेल तर शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.

त्याच सुमारास ग्रीसच्या थेसाली प्रांतात उंदरांनी कहर केला होता. थेसाली म्हणजे धान्य पिकवणारं मोठं मैदान. जमिनीत बिळं करणारे लाखो उंदीर उभं पीक खात होते. टोळधाड किंवा उंदरांचा सुळसुळाट काय असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ग्रीक सरकारने लोफ्लर यांना बोलावलं. १८९२ च्या वसंतात ते आपले सहकारी रुडोल्फ आबेल यांना घेऊन तिथे पोहोचले.

पद्धत साधी होती. पेंढा आणि ओट यांचा काढा करून त्यात जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे. पावाचे तुकडे त्यात भिजवायचे. शेतकऱ्यांनी ते तुकडे बिळाबिळात टाकायचे. उंदीर पाव खाणार, मरणार, मेलेल्याला बाकीचे कुरतडणार, आणि पिंजऱ्यात जे नको होतं ते शेतात मुद्दाम घडवायचं.

लोकांना भीती वाटणं साहजिक होतं. धान्याच्या शेतात रोगजंतू टाकायचे म्हणजे काय? धोका नाही हे पटवण्यासाठी काही जणांनी लोकांसमोर तो भिजवलेला पाव खाऊन दाखवला. काही दिवसांनी शेतात मेलेले उंदीर दिसू लागले. मोहीम यशस्वी झाल्याचं लोफ्लर यांनी जाहीर केलं. युरोपभर त्यांचं नाव झालं आणि अशी जंतूंची आमिषं अनेक देशांत वापरली जाऊ लागली. पॅरिसला दानिझ यांनी घुशींसाठी असाच जंतू शोधला आणि तो बाजारात विकला गेला.

चूक कुठे झाली

शिक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं.

लोफ्लर यांचा तर्क असा होता की मांजराला, कोंबडीला काही झालं नाही, पाव खाणाऱ्या माणसांनाही काही झालं नाही, म्हणजे जंतू फक्त उंदरांचा. पण आपण ज्याला साल्मोनेला टायफीम्युरियम म्हणतो, तो माणसालाही आजारी पाडतो. शिळं किंवा कच्चं मांस, अंडी, दूषित अन्न यांतून जुलाब, उलट्या, ताप होणाऱ्या विषबाधेमागे जगभर आढळणाऱ्या जंतूंपैकी हा एक. निरोगी तरुण माणूस त्यातून काही दिवसांत बरा होतो, कधी त्याला काही होतही नाही. पण लहान मूल, म्हातारा माणूस किंवा आधीच आजारी असलेला माणूस दगावू शकतो.

पुढच्या काळात अशी आमिषं हाताळणारी आणि त्यांमुळे दूषित झालेलं अन्न खाणारी माणसं आजारी पडल्याच्या, काही ठिकाणी दगावल्याच्याही नोंदी झाल्या. शिवाय वाचलेले उंदीर पुन्हा वाढत आणि त्यांच्यावर त्या जंतूचा परिणाम होईनासा होई. हळूहळू अनेक देशांनी ही पद्धत बंद केली.

म्हणजे ज्या माणसाने १८८४ मध्ये निरोगी मुलाच्या घशातला जंतू प्रामाणिकपणे नोंदवला, त्याच्याच हातून १८९२ मध्ये त्या धड्याचा विसर पडला. पाव खाणारा माणूस आजारी पडला नाही, याचा अर्थ जंतू निरुपद्रवी आहे असा होत नाही. चार-पाच धडधाकट माणसांवरून सगळ्या गावाचा निष्कर्ष काढता येत नाही. सांख्यिकी शिकवताना नमुना किती मोठा हवा आणि कसा निवडायचा हे आपण सांगतो, तेव्हा हे उदाहरण जरूर द्यावं.

मोठ्या शास्त्रज्ञाच्या चुका मुलांना सांगाव्यात की नाही, असं काही पालक विचारतात. माझं मत आहे, सांगाव्यात. चूक लपवून ठेवलेलं चरित्र मुलांना देवाच्या तसबिरीसारखं वाटतं. हात जोडतात आणि पुढे जातात.

लाळ्या खुरकूत

१८९७ मध्ये प्रशियाच्या सरकारने लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांच्याकडे लाळ्या खुरकूत रोगाचा अभ्यास सोपवला. आपल्याकडे गोठा असलेल्या घरात हा रोग माहीत नाही असं होत नाही. जनावराच्या तोंडात आणि खुरांत फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडतं, दूध आटतं.

दोघांनी फोडांतला द्रव घेतला आणि जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवात एकही जिवाणू नव्हता. तरीही तो टोचलेली वासरं आजारी पडली. कदाचित त्यात नुसतं विष असेल? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि हिशोब मांडला. एका वासराचा द्रव पातळ करून दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला, असं करत गेल्यावर विष असतं तर ते विरळ होऊन संपलं असतं. पण रोगाचा जोर कमी होत नव्हता. म्हणजे जे काही होतं ते जनावराच्या शरीरात वाढत होतं.

१८९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की हे रोगकारक जिवाणूपेक्षा लहान आहे, गाळणीतून निसटतं आणि तरीही वाढतं. प्राण्यांना होणाऱ्या रोगाचा हा पहिला ओळखला गेलेला विषाणू.

बेटावरची प्रयोगशाळा

आता पुन्हा तोच जुना प्रश्न समोर आला. ग्राइफ्सवाल्डमध्ये वासरांवर प्रयोग चालू असताना आसपासच्या गोठ्यांत लाळ्या खुरकूत पसरू लागला. प्रयोगशाळेतून रोग बाहेर जात होता. एके काळी पिंजऱ्यातली साथ प्रयोग बिघडवत होती, आता प्रयोगच गावात साथ पाठवत होता. शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. काम थांबवावं लागलं.

लोफ्लर यांनी या वेळी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी संशोधन लोकवस्तीपासून दूर नेलं. ग्राइफ्सवाल्डजवळच्या समुद्रात रीम्स नावाचं एक छोटं बेट आहे. १९१० मध्ये तिथे विषाणू संशोधनाची संस्था सुरू झाली. चारी बाजूंनी पाणी, त्यामुळे जनावरं, माणसं आणि सामान यांच्या ये-जा करण्यावर नजर ठेवता येई. विषाणूंच्या संशोधनासाठी उभारलेली जगातली ही पहिली संस्था मानतात.

थेसालीत रोगजंतू मोकळे सोडणारे लोफ्लर आणि रीम्सला समुद्राची भिंत उभी करणारे लोफ्लर, यांच्यात अठरा वर्षांचं अंतर आहे. माणूस शिकतो, तो असा.

अखेरची वर्षं

१९१३ मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. जुने सहकारी गाफ्की यांच्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. सैनिकी डॉक्टर म्हणून सुरुवात केलेल्या या माणसापुढे पुन्हा सैन्याचं आरोग्य आलं. पण प्रकृतीने साथ दिली नाही. ९ एप्रिल १९१५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना ग्राइफ्सवाल्डला पुरण्यात आलं. रीम्स बेटावरची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आजच्या पिंजऱ्यात काय बदललं

माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर आता देतो. प्रयोगशाळेतले उंदीर आजारी पडू नयेत म्हणून आज काय करतात?

नवे उंदीर आले की थेट मुख्य खोलीत नेत नाहीत. काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्यांची विष्ठा तपासतात. कारण साल्मोनेलातून वाचलेला उंदीर तरतरीत दिसतो, पण महिनोन् महिने विष्ठेतून जंतू सोडत राहतो. घटसर्पाच्या त्या निरोगी मुलासारखाच!

पिंजऱ्यात गाळलेली हवा स्वतंत्रपणे सोडतात. धान्य, भुसा, पिंजरे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. कर्मचारी आधी स्वच्छ खोल्यांत जातात, संशयित खोलीत सगळ्यांत शेवटी. रानटी उंदीर आणि झुरळं आत येणार नाहीत याची काळजी घेतात.

आणखी एक युक्ती मुलांना फार आवडते. काही उंदीर पहारेकरी म्हणून ठेवतात. इतर पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा थोडा थोडा त्यांच्या पिंजऱ्यात टाकतात. ठरावीक काळाने फक्त या पहारेकऱ्यांची तपासणी करतात. त्यांना लागण झाली की कुठेतरी साथ शिरली आहे हे कळतं.

आणि शिरलीच तर? औषध देऊन मोकळं व्हावं, असं आपल्याला वाटेल. पण प्रतिजैविकांनी उंदीर बरा दिसतो आणि जंतू आत लपून राहू शकतो. शिवाय औषधाने पोटातले इतर जिवाणूही बदलतात आणि प्रयोग पुन्हा बिघडतो. साल्मोनेला तर सांभाळणाऱ्या माणसालाही होऊ शकतो. म्हणून बहुतेक वेळा ती खोली रिकामी करून निर्जंतुक करावी लागते. उंदरांचा वाण मौल्यवान असेल तर त्याचे गर्भ काढून, धुऊन, निरोगी मादीच्या गर्भाशयात वाढवतात. म्हणजे वंश तोच राहतो, पण जंतू मागे राहतात.

एवढी खटपट कशासाठी? एक उदाहरण देतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कर्करोगाच्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या उंदरांना काहीच दिलेलं नव्हतं, त्यांच्याही यकृतात गाठी झाल्या. शोध घेतल्यावर हेलिकोबॅक्टर जातीचा एक नवाच जिवाणू सापडला. पिंजऱ्यात साथ होती, पण कुणी पटापट मेलं नव्हतं, म्हणून ती दिसली नव्हती. ती सापडली नसती तर गाठींचा दोष भलत्याच पदार्थावर गेला असता.

आणि साल्मोनेला टायफीम्युरियम? माणसाच्या विषमज्वराचा जंतू उंदरांना तसा आजार करत नाही. पण हा करतो. म्हणून विषमज्वर समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ आज याच जंतूने उंदरांचा अभ्यास करतात. उंदरांचे काही वाण याला लगेच बळी पडतात आणि काही तग धरतात. त्यामागचं एक जनुकही सापडलं आहे. लोफ्लर यांना पडलेलं जुनं कोडं, दोघेही उंदीर असून एकालाच रोग का, ते या वाटेने थोडंफार सुटलं.

उंदरांच्या जिवाचा प्रश्नही वर्गात येतोच, आणि यायला हवा. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते आणि संस्थेला आधी परवानगी घ्यावी लागते. साथ रोखणं हाही त्या काळजीचाच भाग आहे. साथीने उंदीर मेले की त्यांचा जीव तर जातोच, आणि प्रयोग पुन्हा करायचा तर आणखी उंदीर लागतात.

जीवनपट थोडक्यात

१८५२ : जन्म, फ्रांकफुर्ट आन डेर ओडर
१८७४ : वैद्यकीय पदवी
१८७९ : शाही आरोग्य कार्यालय, बर्लिन
१८८२ : ग्लँडर्सचा जंतू
१८८४ : घटसर्पाचा जंतू शुद्ध स्वरूपात
१८८८ : ग्राइफ्सवाल्ड येथे प्राध्यापक
१८९२ : उंदरांच्या साथीवरचा लेख, थेसालीची मोहीम
१८९८ : लाळ्या खुरकूतचा विषाणू
१९१० : रीम्स बेटावरील संस्था
१९१५ : निधन, बर्लिन

वर्गात चर्चेसाठी

१. मेलेले उंदीर फेकून न देता लोफ्लर यांनी काय केलं? तुम्ही असता तर काय केलं असतं?
२. भिजवलेला पाव खाऊनही माणसं आजारी पडली नाहीत. यावरून जंतू सुरक्षित आहे असं म्हणता येईल का? कारण सांगा.
३. पहारेकरी उंदरांसारखी सोय आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी करायची असेल तर काय तपासाल?
४. घरी आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी घटसर्प किंवा गोठ्यात लाळ्या खुरकूत आला होता का? तेव्हा काय करत?

चौथा प्रश्न मी आमच्या वर्गात दिला होता. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं की गावात लाळ्या खुरकूत आला की ते आपली बैलजोडी गावाबाहेरच्या मळ्यात नेऊन बांधत आणि साथ सरेपर्यंत गावात आणत नसत. रीम्स बेटाचं नाव त्यांनी कधी ऐकलं नसणार. पण बैल त्यांनी बरोबर ठिकाणी बांधले होते.

तुमच्या वर्गात मुलांनी काय उत्तरं आणली ते जरूर कळवा.